‘रिप्रेझेंट’चा दुसरा अर्थ

एका मासिकाचे संपादक दोनदा घरी येऊन गेले. पहिल्या खेपेस म्हणाले, "काका, तुमच्या धंद्याविषयी लिहा." दुसऱ्या खेपेस म्हणाले, "सुरुवातीपासून लिहा." सुरुवातीपासून लिहायचं म्हणजे ज्या गोष्टीबद्दल मी कोणाशी फारसं बोललो नाही तीच आधी सांगावी लागणार. म्हणून टाळत होतो. आता टाळायचाही कंटाळा आला आहे.

मी अर्जनवीस. अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली उतरत्या झाकणाची पेटी मांडून तीसएक वर्षं बसलो. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारला कसं लिहावं ते कळत नाही, त्याच्यासाठी अर्ज लिहिणं हा माझा धंदा. दिसायला सोपा आहे. माणूस येतो, उकिडवा बसतो आणि आजोबांपासून सुरू करतो. कोणी कोणाची म्हैस हाकलली, कोण कोणाच्या लग्नात जेवला नाही, हे सगळं ऐकायचं आणि त्यातून चार ओळी काढायच्या. लोकांना वाटतं लिहिण्याची मजुरी देतो. मजुरी खरी ऐकण्याची असते. कान थकतात, हात नाही.

एकदा रिद्धपूरकडचा एक म्हातारा आला. दप्तरात तो मेला होता. चुलतभावानं तशी नोंद करवून शेत आपल्या नावावर चढवलं होतं. मी अर्ज लिहिला, म्हाताऱ्याला आत पाठवला. कारकुनानं अर्ज वाचला, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मयताच्या वतीनं कोण हजर आहे?" म्हातारा म्हणाला, "मीच हावो." कारकून म्हणाला, "तसं चालत नाही, वारस आणा." चार महिने लागले त्याला जिवंत व्हायला. तोवर रोज माझ्यापाशी येऊन बसायचा. म्हणायचा, "पंत, मेल्यावर एवढी पायपीट असते हे कोनी सांगितलं नव्हतं."

हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही.

इंग्रजी अर्जात पहिल्याच ओळीत एक शब्द येतो, रिप्रेझेंट. ‘आय बेग टु रिप्रेझेंट’. म्हणजे मी अमुक गोष्ट हुजुरांच्या कानावर घालतो, गाऱ्हाणं मांडतो. हा शब्द मी आयुष्यात किती हजार वेळा लिहिला असेल देव जाणे. पण मला तो आधी वेगळ्याच अर्थानं माहीत होता, आणि त्या अर्थानं एका गावाचं वाटोळं केलं.

कापसाच्या तेजीचे दिवस होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून साऱ्या जगाची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. अमरावतीत मुंबईच्या पेढ्यांचे लोक भरले होते. लोक सांगतात की शेतकऱ्यांनी बंड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या. तसली चाकं मी पाहिली नाहीत. पाहिले ते नवे मंदील, नवे बैल आणि ज्वारीच्या वावरात उभा राहिलेला कापूस.

मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. वडील अमरावतीला भिक्षुकी करत. मामाकडे नागपूरला राहून मिशनच्या शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकलो होतो. तेवढ्यावर मला एका विलायती कंपनीच्या खरेदीदाराकडे दुभाष्याची नोकरी लागली. त्या साहेबाचं नाव बेल. उंच, उन्हानं लाल झालेला, फार न बोलणारा माणूस. गावोगाव घोड्यावर हिंडायचा, मी मागून तट्टावर.

दुभाष्याला एक रोग लवकर जडतो. साहेब जितका मोठा तितके आपण मोठे, असं त्याला वाटू लागतं. मला तो जडला होता. साहेब गावात गेला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आय रिप्रेझेंट द कंपनी." शाळेत या शब्दाचा अर्थ शिकवला होता, दुसऱ्याच्या जागी उभं असणं. खरं तर ‘साहेब कंपनीतर्फे आले आहेत’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणायचो, "साहेब म्हणजेच कंपनी. साहेब बोलले म्हणजे कंपनी बोलली." लोक सरसावून बसायचे. मला बरं वाटायचं.

दर्यापूरच्या तालुक्यात पूर्णेच्या काठाकडे एक गाव होतं. नाव लिहीत नाही, गाव अजून आहे. तिथले पाटील पुंजाजी. पन्नाशीचे, ठेंगणे, मोजकं बोलणारे. त्यांचा धाकटा भाऊ रामजी, तो तापट. कंपनीनं विलायतेहून लांब धाग्याच्या कापसाचं बी आणवलं होतं, ते पेरून पाहायला गावं हवी होती. बेल साहेबानं हे गाव पसंत केलं. पारावर सगळे जमले. साहेबानं बी हातावर घेऊन दाखवलं, फुकट देतो म्हणाला, पीक येईल ते सगळं कंपनी उचलेल म्हणाला.

पुंजाजींनी बी चिमटीत धरून पाहिलं. मग मला म्हणाले, "पंत, साहेबाले पुसा. हे पेरायचं तं ज्वारीचं वावर मोडा लागते. बी नाई साधलं, तं आमी खावाचं काय? कापूस तं चावता येत नाई."

मी विचारलं. साहेबानं थोडा विचार केला. म्हणाला, "दॅट इज अ फेअर क्वेश्चन. आय शॅल रिप्रेझेंट इट टु द कंपनी."

मला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. वाक्य कानाला थोडं अडलं, हे मला आजही आठवतं. ‘इट’ कशाला आलं, ‘टु’ कशाला आलं. पण सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. साहेबाला ‘पुन्हा सांगा’ म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. मी म्हणालो, "साहेब म्हणतात, त्या बाबतीत कंपनीच्या जागी मी उभा आहे."

"म्हंजे बी बुडालं तं ज्वारी कंपनी देईन?"

"म्हणजे तसंच."

पुंजाजींनी साहेबाकडे पाहिलं. साहेबानं मान हलवली. मी काय सांगितलं हे त्याला कळलं नव्हतं. त्याला वाटलं, त्याचंच बोलणं पोचलं.

साहेब म्हणाला होता, ‘ही गोष्ट मी कंपनीच्या कानावर घालीन.’ मी सांगितलं, ‘कंपनी देईल.’

त्या साली गावानं ज्वारीची बहुतेक वावरं मोडून विलायती बी लावलं. पुंजाजी घरोघर फिरले. जो नको म्हणाला त्याला समजावलं की साहेबाचा शब्द आहे. झाडं आली छान, कमरेइतकी, नुसती पानं. मग भादव्यात काळ्या जमिनीत पाणी साचून राहिलं आणि मुळं कुजली. आमचा गावरान कापूस ते सोसतो, त्या बियाला ते सोसेना. दसऱ्याला वावरात काळ्या काड्या उभ्या होत्या.

पुंजाजी आणि रामजी अमरावतीला आले. साहेबाच्या बंगल्याच्या ओसरीवर उभे राहिले. पुंजाजी सरळ म्हणाले, "साहेबाले सांगा, बी बुडालं. आता ज्वारी केव्हा धाडता?"

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब गोंधळला. म्हणाला, "मी ज्वारी कबूल केली नव्हती. मी म्हणालो होतो रिप्रेझेंट करीन. मी केलं. मुंबईला लिहिलं, त्यांनी उत्तर दिलं नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्या दोघांना म्हणालो, "साहेब मुंबईला पुन्हा लिहिताहेत. थोडं थांबा." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सरकारी इंग्रजी शाळेच्या हेडमास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे जाडा कोश होता. एक अर्थ, दुसऱ्याच्या जागी उभं राहणं. दुसरा, एखाद्यापुढं गोष्ट मांडणं, अर्ज करणं. तिसरा, चित्रात किंवा नाटकात एखादी वस्तू दाखवणं. एका अर्थी माणूस मालकाइतका मोठा, दुसऱ्या अर्थी हात जोडून उभा. शब्द तोच. हेडमास्तर म्हणाले, "पुढं ‘टु’ आलं की दुसरा अर्थ." दोन अक्षरांचा तो शब्द मला शाळेत कोणी दाखवला नव्हता. खरं सांगायचं तर मी विचारला नव्हता.

साहेब सरळ माणूस होता. त्यानं मला बोलावून विचारलं, "तू त्यांना नेमकं काय सांगितलंस?" मी म्हणालो, "आपण म्हणालात तेच." त्यानं ते मानलं. मला वाटतं, त्या दिवसापासून त्याला स्वतःच्याच आठवणीचा संशय येऊ लागला. मी ते पाहत होतो.

महिन्याभरानं निरोप आला. मुंबईचा मोठा साहेब अकोल्याला आला आहे, रुई दाबण्याच्या यंत्रासाठी जागा पाहतो आहे. या गावाची तक्रार तो समक्ष ऐकेल. बेल साहेब घोड्यावर पुढं गेला. मला त्यानं सांगितलं, पाटलाला घेऊन ये.

मी गावात पोचलो तेव्हा दुपार होती. पुंजाजींची बायको गोदाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मला आश्चर्य वाटलं. विचारलं, "ही कुठली?"

"नाल्याकाठच्या तुकड्यातली. मी पेरली होती."

"पाटील तर म्हणाले होते, सगळीकडे विलायती लावायचं."

"म्हनाले होते. मले तुमचं ते साहेबाचं भाषन समजलंच नाई. समजलं नाई म्हनून पेरली." तिनं सुपातले खडे वेचून टाकले. "एका घराले दोन महिने पुरन. बाकीच्या घराईचं काय ते तुमी पाहून राह्यलेच."

बंडीनं आम्ही निघालो, पुंजाजी, रामजी आणि मी. वाट दोन दिवसांची. रामजी बंडी हाकत होता. वाटेत पुंजाजींनी भाकरी सोडली, मला अर्धी दिली. मी त्यांच्या हातचं खाणं वडिलांना चाललं नसतं, पण मी खाल्ली. पुंजाजी म्हणाले, "पंत, मोठ्या साहेबापुढं आमाले बोलता येनार नाई. तुमी बोलान तेच आमचं बोलनं. तुमी आमच्यातले हा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बंडीत आम्ही तिघंच होतो. मी भाकरी खात राहिलो.

अकोल्याला नदीपलीकडे तंबू होता. मोठा साहेब म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, घाईत असलेला. बाजूला बेल साहेब. आम्ही तिघं उभे. पुंजाजींनी सगळं सांगितलं, मी त्याचं इंग्रजी केलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मोठ्या साहेबानं बेलला विचारलं, "तुम्ही धान्याचं वचन दिलंत?"

बेल म्हणाला, "मला तसं आठवत नाही. पण सारं गाव एक सांगतं आहे. माझ्या तोंडून तसं गेलं असेल तर कंपनीनं ते पाळावं, आणि मला कामावरून काढावं."

मोठा साहेब माझ्याकडे वळला. "मध्ये तू होतास. त्यानं वचन दिलं होतं का?"

आज हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. ‘हो’ म्हटलं असतं तर गावाला ज्वारी मिळाली असती, बेलची नोकरी गेली असती, आणि माझी चूक कायमची पुरली गेली असती. ‘नाही’ म्हटलं तर साहेब सुटला आणि गाव बुडालं. पुण्य कुठल्या बाजूला होतं हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी बेलकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. न केलेल्या गोष्टीचा दोष तो स्वतःवर घ्यायला तयार झाला होता, आणि ती गोष्ट केली होती मी.

मी म्हणालो, "नाही. ते म्हणाले होते, रिप्रेझेंट करीन. मला त्या शब्दाचा एकच अर्थ येत होता. मी गावाला चुकीचं सांगितलं."

मोठ्या साहेबानं वही मिटली. म्हणाला, "मग हे वचन कंपनीचं नाही. दुभाष्याचं आहे." आणि उठला.

पुंजाजींना यातलं काही समजलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय झालं? काय म्हनाले तुमी?"

माझंच बोलणं मला पुन्हा मराठीत करून सांगावं लागलं. आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात अवघड भाषांतर. सांगून झाल्यावर रामजी पुढं आला. मला वाटलं मारतो. त्यानं मारलं नाही.

"हे तुमाले माहीत केव्हा झालं?"

"दसऱ्याला. तुम्ही अमरावतीला आलात तेव्हा."

"मंग आता सांगून राह्यले? काहून? बंडीत तोंड नव्हतं का?"

पुंजाजी भावाला म्हणाले, "चाल." तंबूच्या दोरीला पाय अडून ते थोडे धडपडले, मी हात पुढं केला, त्यांनी धरला नाही. बंडी मला न घेता गेली.

बेल साहेब मला रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गावासाठी मुंबईला तिसरं पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं. चांगलं पत्र होतं. मग म्हणाला, "मला दुसरा दुभाषी पाहावा लागेल." मी म्हणालो, "होय." उत्तर आलं की नाही हे मला कळलं नाही. गावात ज्वारी आली नाही, हे मात्र कळलं. पुढं अमेरिकेतली लढाई संपली, तेजी ओसरली, आणि बेलही कुठं गेला कोण जाणे.

मी अमरावतीला परत गेलो नाही. वडिलांना तोंड दाखवायचं नव्हतं. अकोल्याला कचेरी होती, लिहिणारे थोडे होते. एकाची जुनी पेटी घेऊन निंबाखाली बसलो. पहिल्या अर्जाच्या पहिल्या ओळीत तोच शब्द लिहावा लागला. पुढं ‘टु’ घातलं.

गावाची खबर मला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मिळायची. पाच-सहा घरं आगगाडीच्या मातीकामावर गेली. रामजीही बायको घेऊन गेला. मूर्तिजापूरकडे मजुरांच्या झोपड्यांत पटकी आली, तिच्यात रामजीची बायको गेली. हे मला एका तेल्यानं सांगितलं. मी त्याचा अर्ज लिहीत होतो. तो पुढं बोलत राहिला, मी लिहीत राहिलो, आणि मग त्याला म्हणालो की कागद खराब झाला, नवा घ्यावा लागेल. गावात जाऊन यावं असं पुष्कळदा ठरवलं. गेलो नाही. लाज कमी झाल्यावर जाऊ असं म्हणत होतो. ती कमी होत नाही, जुनी होते.

सात-आठ वर्षं गेली असतील. एका दुपारी मान वर केली तर समोर पुंजाजी. वाळले होते. निंबाखाली आम्ही पाच अर्जनवीस बसत होतो, मी कडेचा. ते चौघांना ओलांडून आले, बसले आणि म्हणाले, "लिवा."

गावच्या गायरानाचा मामला होता. मोजणीत ते कोणा बाहेरच्याच्या नावे लागलं होतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मग म्हणाले, "आता वाचा. आमच्या बोलीत." मी एकेक ओळ वाचून वऱ्हाडीत सांगत गेलो. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं.

"हे सायबाले हुकूम करून राह्यलो का विनंती?"

"विनंती."

"सायबानं नाई म्हटलं तं?"

"तर नाही मिळणार."

"बरं. मी गावाले तसंच सांगतो." मग म्हणाले, "मांगच्या वेळी बी तुमी एवढंच सांगतलं असतं, तं आमी पेरलं नसतं. एवढंच होतं."

मी म्हणालो, "पाटील, रामजीच्या घरचं मला कळलं."

"कळलं असन," ते म्हणाले.

शेतकरी सहीच्या जागी नांगर काढतो. त्यांनी बोरू घेऊन हळूहळू नांगर काढला. खाली ‘बकलम’ म्हणून माझं नाव लिहायचं होतं, म्हणजे यांच्या वतीनं लेखणी चालवणारा अमुक. ते मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघंही कागदाकडे पाहत बसलो.

मग त्यांनी रस्त्याकडे तोंड करून हाक मारली. पलीकडे त्यांची बंडी उभी होती, तिच्यापाशी दोन माणसं. "इकडं या रे. तुमचेबी येच्याकडूनच लिवून घ्या. हा चुकला तं सोताच सांगते."

एक माणूस आला, समोर बसला, आणि आजोबांपासून सुरू केलं. दुसरा रामजी होता. तो बैलाच्या मानेवर हात ठेवून तिथंच उभा राहिला. त्याचंही काहीतरी काम होतं म्हणे, वाटणीचं. ते त्यानं त्या दिवशी माझ्या शेजारच्याकडून लिहून घेतलं. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून त्यानं सगळं सांगितलं, आणि मला ऐकू येणार नाही इतका आवाज त्यानं मुद्दाम खाली ठेवला.